डॉक्टरबाईंचे व्यायाम

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी बसड्रायव्हरच्या हृदयाची झडप बिघडली. ऐन लग्नात दोन जिने चढला आणि तिसऱ्याच्या पायथ्याशी मटकन खाली बसला. पाहुण्यांना वाटलं, लेक जाणार म्हणून बापाला गलबलून आलं. बायकोला तसं वाटलं नाही. लग्न पार पडलं आणि तिनं त्याला इस्पितळात नेलं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई बोलायला मऊ होत्या. त्यांनी टेबलावरचं प्लॅस्टिकचं हृदय मधोमध उघडलं.

"तुमची झडप दगडासारखी कडक झालीय, बदलावी लागेल. मांडीतून नळी घालूनही बदलता येते, छाती उघडावी लागत नाही. पण तुमचं वय आणि झडपेची ठेवण बघता छाती उघडूनच केलेलं बरं. मग झडप कुठली, ते तुम्ही ठरवा. जनावराच्या पेशींची बसवली तर दहा-पंधरा वर्षं जाईल. धातूची बसवली तर बहुतेक जन्मभर. पण मग रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, न चुकता."

"हे सगळं हृदय चालू असताना?"

"नाही. ते थांबवायचं. तेवढा वेळ रक्त मशीन फिरवतं."

ड्रायव्हरनं हयातभर इंजिनं बंद केली होती आणि चालू केली होती.

"परत चालू कोण करतं?"

"बऱ्याचदा ते आपलं आपणच होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कितीदा पाहिलं, तरी दर वेळी माझा हात थांबतो."

निर्णय सांगायला दोघं पुन्हा गेली, तेव्हा दारातच बायको म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. पथ्यपाणी मी विचारून येते. तुमच्या डोक्यात एक राहायचं नाही."

ती आत गेली ती गेलीच. ड्रायव्हरचे दोन चहा झाले, भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचून झाल्या. शेवटी ती चष्मा पुसत बाहेर आली.

"काय म्हणाल्या?"

"धातूचीच बसवायची."

"अगं, पंधरा वर्षं पुष्कळ झाली. मला काय शंभरी गाठायचीय?"

"गाठा की. कुणी अडवलंय? आणि आधीच सांगते, नंतरचे व्यायाम फार आहेत. बाई कडक आहेत. हूं की चूं चालणार नाही."

ऑपरेशन झालं. तो शुद्धीवर आला तेव्हा घशात नळी होती, छातीवर हत्ती बसल्यासारखं वाटत होतं. बायको कानाशी वाकून म्हणाली, "झालं चालू. आपलं आपण."

ते ऐकून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. आपण मधे कुठे होतो, हे त्याला कधीच कळलं नाही.

घरी आल्यावर तो तान्ह्या मुलासारखा झाला. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची. भरली बादली उचलायची नाही. छातीचं कापलेलं हाड जुळेपर्यंत कुशीवर झोपायचं नाही. दार ते फाटक, मग फाटक ते कोपरा, असं रोज थोडं चालणं वाढवायचं. तिसऱ्या आठवड्यात तो बसल्या बसल्या, काही कारण नसताना हुंदके देऊन रडला.

"होतं म्हणे असं," बायकोनं टॉवेल पुढे केला. "रडा हवं तेवढं. टॉवेल धुवायचा मात्र तुम्ही."

घर शांत असलं की छातीतून बारीक टकटक ऐकू यायची. घड्याळ गिळल्यासारखी. एका दुपारी बायकोनं त्याच्या सदऱ्यावर कान टेकवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही.

"काय ऐकतेस?"

"किती छान चालतंय हो," ती म्हणाली. "असंच ऐकत बसावंसं वाटतं."

हाड जुळलं आणि व्यायाम सुरू झाले. लसूण सोलायचा, त्यानं बोटांत रक्त खेळतं. कणीक मळायची, त्यानं खांदे सुटतात. भात लावताना चुलीपुढे उभं राहायचं, त्यानं पायांची सूज उतरते. बायको खुर्चीत बसून हुकूम सोडायची.

"जरा मदत कर की."

"व्यायाम तुमचा आहे, माझा नाही."

"लेकीला फोन करणं हा कसला व्यायाम?"

"बोलल्यानं फुप्फुसं उघडतात. डॉक्टरबाईंनी सांगितलंय."

पहिला भात करपला, दुसरा कच्चा राहिला. तिसरा बायकोनं मुकाट्यानं खाल्ला आणि म्हणाली, "रोगी सुधारतोय." गोळीची वेळ आधी ती सांगायची. मग सांगायची बंद झाली, आणि तो चुकला नाही. जन्मात ज्यानं स्वतःचा सदरा धुतला नव्हता, तो आता शेजारणीला डाग काढायची युक्ती सांगू लागला.

सहा महिन्यांनी तपासणी आली. "आज एकटे जा," बायको अंथरुणातूनच म्हणाली. "आता येतं तुम्हाला सगळं."

डॉक्टरबाईंनी छाती ऐकली, डोळे मिटून, गाणं ऐकावं तशी. "झकास. एवढ्यात इतकी ताकद फार थोड्यांना येते."

"तुमच्याच व्यायामांची कृपा," ड्रायव्हर फुशारकीनं म्हणाला. त्यानं लसूण सांगितला, कणीक सांगितली, भात आणि फोनसुद्धा.

डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी हळूच स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"मी फक्त चालायला सांगितलं होतं. आणि जड उचलू नका, म्हणून."

"मग त्या दिवशी ती आत एवढा वेळ माझं काय विचारत होती?"

"त्या दिवशी पेशंट तुम्ही नव्हता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बायको त्याच वर्षी डिसेंबरच्या बावीस तारखेला, दुपारी वारली.