बँडचं सुतक

इंग्लंडमधला एक बँड फुटला आणि जगाच्या इतिहासातलं एक पर्व संपलं. वर्ध्यात ही गोष्ट एकट्या माधवला कळली, तीही तीन महिन्यांनी, कारण १९७४ साली त्याचं इंग्रजी मासिक बोटीने यायचं. बासरी, व्हायोलिन आणि विजेची गिटार एकत्र वाजवणाऱ्या त्या बँडचा इतिहास तो वहीत लिहीत होता. शेवटच्या पानाला त्याने काळी चौकट आखली आणि दाढी करणं सोडलं.

आठवड्याभरात नागपूरला बँकेत त्याची मुलाखत होती. त्या दिवशी सकाळी वडील, दत्तोपंत, दारात येऊन उभे राहिले.

"काऊन रे, अजून दाढी नाई केली?"

"मी जाणार नाही, बाबा. मी दुःखात आहे."

दत्तोपंत शाळेत संस्कृत शिकवत. त्यांनी प्रकरण शास्त्राने घेतलं.

"गोत्र परकं, देश परका, बातमी तीन महिन्यांची. नुसती आंघोळ करून टाक, सुटलास. गाडीला अजून तासभर आहे."

"सात वर्षांपासून ऐकून राहिलो मी त्यांना!"

"मग दोनदा कर."

माधवने एकदाही केली नाही. नागपूरला त्या दिवशी बँकेने चारही जागा भरल्या.

महिन्याभराने पुढचा अंक आला. बँडमधलं भांडण नवव्या दिवशीच मिटलं होतं. खाली दौऱ्याच्या तारखा छापल्या होत्या. मुलाखतीच्या तारखेला बँडचा कार्यक्रम जर्मनीत होता.