न शिवलेला उंबरा

"नवरा दोन वर्षं फरार, मग हे पोट कुणाचं?" इंग्रजांच्या फौजदारानं चावडीवर विचारलं होतं. नवऱ्याचं म्हटलं असतं, तर भूमिगत असूनही तो घरी येऊन जातो, हे उघड झालं असतं. भरल्या गावासमोर सगुणा खाली बघत म्हणाली, "असंल कुणाचं बी. त्येंचं न्हाई."

त्या दिवसापासून पाणवठ्यावर बायका तिला बघून घागर बाजूला घ्यायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. बोलणी खाऊन ती थकली, पण मनाशी म्हणायची, स्वराज्य आलं की धनी स्वतःच गावाला खरं काय ते सांगतील.

स्वराज्य आलं. त्याच चावडीपुढं मांडव पडला. तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन सगुणा बायकांच्या मागं उभी राहिली. गळ्यात हार पडलेला नवरा बोलता बोलता रंगात आला. छाती ठोकून म्हणाला, "मंडळी, देशापायी पाच वर्षं मी घराचा उंबराबी शिवला न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या बायकांनी वळून तिच्याकडं बघितलं.

कडेवरचं पोरही टाळ्या वाजवू लागलं. त्याचे हात धरायचं त्राण सगुणात उरलं नव्हतं.