टेकाडामागचा हिरवा तुकडा

रागाच्या भरात ट्रॅक्टरला कुळव जोडताना रेनो कांगासच्या हातून खीळ दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा ती बसली. म्हातारा शिव्या देत वर चढला.

"बाबा, खाली उतरा." त्याची लेक व्हर्ना ट्रॅक्टरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. शाळेच्या बसची परतीची फेरी मारून, बस लावून ती तशीच धावत आली होती.

"हो बाजूला! उलथून टाकतो सगळं. एक काडी ठेवणार नाही!"

सकाळी त्याचा कुत्रा साळिंदराच्या मागं लागला, म्हणून रेनो टेकाडापलीकडं उतरला होता. नाहीतर उतरला नसता. नोव्हेंबरात सगळं रान करपलेलं, आणि तिथं खोलगट जागेत हा एवढा मोठा हिरवागार तुकडा. मधे क्लोव्हरचं गवत, कडेनं सलगम. दहिवर गोठून सलगमाचा पाला गोड झालेला आणि हरणांनी तो कुरतडलेला. खुरांनी मातीचा नुसता चिखल. तिथून निघालेली पायवाट थेट त्याच्या मचाणाखालून जात होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शिकाऱ्याला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता.

हरणांसाठी चारा पेरणाऱ्यांना रेनो 'गवळी' म्हणायचा. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला हल्ली निम्मं गाव पेरतं. पण गुत्त्यात बसून तो सगळ्यांची सालं काढायचा. शेजारच्या गॉर्डनवर तर त्याचा खास डोळा. "अरे गॉर्डन, बंदूक कशाला नेतोस? धार काढायची बादली ने!" गॉर्डन हसून पेला उचलायचा. रेनो मात्र वारा हुंगणार, माग काढणार, आणि दरवर्षी एक नर पाडणारच. हंगामाआधी रानात पाऊल टाकायचं नाही, हंगामातही मचाणापलीकडं जायचं नाही, माणसाचा वास राहतो, हा त्याचा नियम. या नियमापायी त्यानं एकदा जावयाला घराबाहेर काढलं होतं. चाळीस वर्षं तो टेकाडामागं गेला नाही तो याच नियमानं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेणारे असेच असतात, आणि त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा असतो.

दुपारी त्यानं विचारलं आणि व्हर्नानं "मीच पेरलं" म्हणून सरळ सांगून टाकलं. तेव्हापासून घरात भडका उडाला होता.

"म्हातारा मचाणावर बसवायचा आणि खालून हरणं हाकायची! बुजगावणं केलंस माझं. परवा हंगाम सुरू होतोय. गावात कळलं तर तोंड कुठं लपवू?"

"गावाला माहीत आहे."

"काय?"

"बी गॉर्डनच आणून देतो. दरवर्षी."

रेनोचा चेहरा लालबुंद झाला. त्या हसऱ्या गॉर्डनचं बी! म्हणजे गुत्त्यात तो रेनोच्या चेष्टेला नव्हे, रेनोलाच हसत होता. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं.

"गुडघे गेले म्हणून भीक घातलीत मला! सगळ्यांनी मिळून!" तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडला. "तुझी आई असती तर तुला उभी सोलली असती! इंपीला माहीत होतं तिचा नवरा काय चीज होता ते!"

तोवर व्हर्नानं दम धरला होता. आता तिचं डोकं फिरलं. ती पायरीवर चढली, हात घालून किल्ली खेचली आणि मुठीत धरली.

"आईचं नाव काढू नका."

"का नको? मरेपर्यंत माझंच हरीण रांधलं तिनं! चाळीस वर्षांत एक साल चुकलो नाही मी!"

"चाळीस. आणि त्याआधी?"

रेनोनं किल्लीसाठी हात पुढं केला.

"तुम्ही कामाला होतात ती खाण बंद होती. लागोपाठ दोन हिवाळे तुम्ही रिकाम्या हातानं आलात. गॉर्डनच्या बापानं हरणाची तंगडी आणून दिली, ती तुम्ही अंगणात बर्फात भिरकावलीत. म्हणालात, कांगासच्या घरात दुसऱ्याची शिकार शिजत नाही. मग तुम्ही सौनात, त्या वाफेच्या खोलीत, घाम काढत बसलात, आणि आईनं ती तंगडी उचलून आणली. धुतली, उकडली, आम्हा तिघी बहिणींना तिथंच उभ्या उभ्या खायला लावली. तुम्ही यायच्या आत हाडं चुलीत घातली. मी तिसरीत होते, बाबा. माझं तोंड भाजलं होतं."

"खोटं आहे."

"बर्फ वितळल्यावर तिनं हा तुकडा खणला. फावड्यानं. ती गेल्यावर मी तो नुसता चालू ठेवला. मी कुणाला भीक घातलेली नाही. तिनं पोरींना जेवायला घातलं."

म्हातारा सुकाणू धरून बसला होता. राग उतरायला तयार नव्हता, पण त्याला जायला जागाही उरली नव्हती. तो पुन्हा उसळला, आणि आता त्याचा आवाज फाटला.

"मग मला सांगितलं का नाही तिनं? नवरा होतो मी तिचा! एका शब्दानं सांगता येत नव्हतं?"

व्हर्नानं किल्ली त्याच्या मांडीवर टाकली.

"सांगितलं असतं, तर हा कुळव तेव्हाच फिरला असता."