तळं वीस मिनिटांवर

गाइडने ऑक्सिमीटर पुढे केला तसे मास्तरांनी दोन्ही हात खिशात घातले. "आधी हिचं बघा," ते म्हणाले. बायकोचा आकडा निघाला एक्याण्णव. मास्तरांनी आपली बोटं गारठल्याचं निमित्त सांगितलं आणि ते पुढे चालू लागले. ऑक्सिजनचा आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला की माणसाला तिथूनच परत न्यायचं, हा नियम त्यांनी सकाळीच ऐकला होता.

तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस. दम लागला म्हणून खाली बसलेल्या पोरांना त्यांनी मैदानाला आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आज सकाळपासून ते बायकोला मालगाडी म्हणत होते आणि सोबतची तरुण मंडळी खिदळत होती. मालगाडी मात्र एका लयीत चढत होती. हे डोंगरमाथ्यावरचं तळं बघायचं म्हणून तीन महिने ती रोज दोनदा इमारतीचे पाच मजले चढत-उतरत होती. उद्या सकाळी परतीची गाडी होती.

पुढच्या वळणावर मास्तरांच्या डोक्यात घण पडू लागले. पाऊल टाकायचं एकीकडे, पडायचं भलतीकडे. तळं आता वीस मिनिटांवर होतं. आपण बसलो तर ही कालची पोरं काय म्हणतील, एवढंच त्यांच्या मनात आलं.

ते मागे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिला चढवत नाहीये. आम्ही दोघं खाली जातो."

बायकोने एकदा वर तळ्याच्या दिशेने पाहिलं. मग ती दगडावर बसली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "हो, गरगरतंय मला." गाइड दोघांना घेऊन उतरला. बाकीचे त्याच्या जोडीदाराबरोबर पुढे गेले.

दुपारी मंडळी हॉटेलात परतली तोवर मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. जेवणाच्या टेबलावर तळ्याचे फोटो फिरू लागले. कुणीतरी काकूंची थट्टा केली. मास्तरांनी लगेच री ओढली. हिची धाव स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत, म्हणाले. सगळे हसले. तीही हसली.

हात धुवायला ते बाहेर आले, तर गाइड पायरीवर बसून बुटांचा चिखल काढत होता.

"आता ओठ बरे दिसतात, सर," तो हळूच म्हणाला. "वर निळे पडले होते."

मास्तरांनी नळ सोडला आणि हात धुवायला घेतले.

"मी तुम्हाला थांबवणारच होतो. पण काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, यांना चारचौघांत नका थांबवू, फार लागेल यांना. माझी तब्येत बिघडली असं सांगा, मी बसते खाली."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून पुन्हा हसण्याचा आवाज आला.

"मग?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्हीच सांगून मोकळे झालात, सर."