शांत जागा

कचेरीतला टेलिफोन केव्हाचा कोकलत होता, आणि हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ बसून काका कापडाचे नमुने एकावर एक रचत होते. अगदी निवांत.

"काका! अहो काका!" टायपिस्ट बाई शेवटी स्वतःच उठून आल्या. "कानात बोळे घालून बसलात की काय?"

त्या पुढ्यात उभ्या राहिल्या तेव्हा काकांनी वर पाहिलं आणि ओशाळून हसले. बाईंचा पारा आणखी चढला. "खुर्ची काय मिळाली, माणूस पार बदलला!"

खुर्ची मिळाली होती हे खरं. सारी हयात काकांनी कापड गिरणीत मागावर उभ्याने काढली. मागांचा खडखडाट असा, की तिथे आवाज काढून उपयोगच नाही. सगळे नुसते ओठ हलवून बोलायचे आणि ओठ बघूनच समजून घ्यायचे. त्या मुक्या बोलण्यात काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पलीकडच्या भिंतीजवळच्या माणसालाही ते इथून हसवायचे. म्हणून त्यांचं नाव पडलं बोलघेवडे काका. मग एक दिवस मालक म्हणाले, "पुष्कळ झाली दगदग. आता कचेरीत शांत बसा." गिरणीतला माणूस दुसरं काय मागतो? जरा बसायला जागा, जरा डोक्याला शांतता. सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली. काकांचा पाय मात्र मागापासून निघेना.

का, ते एकट्या बायकोला ठाऊक होतं. टेलिफोनचा तो प्रकार झाला त्या संध्याकाळी तिने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "सांगून टाका बघू. मालक माणूसच आहेत, राक्षस नव्हेत."

"बहिऱ्याला कोण ठेवून घेईल गं?"

"कान कुणी खाल्ले? त्यांच्याच मागांनी ना? मग!"

दुसऱ्या दिवशी काका मालकांसमोर उभे राहिले. देवापुढे मन मोकळं करावं तसे बोलले.

"मालक, माझे कान केव्हाच गेले. तिकडे कुणाला कळलं नाही, कारण तिकडे कुणालाच ऐकू येत नाही. तिथं मी चारचौघांसारखा होतो. इथं कुणी माझ्याकडे तोंड करून बोलत नाही. मला परत मागावर पाठवा. दुसरं काही नको."

मालकांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ते उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

काका वाट बघत राहिले. बघता बघता मालकांचे खांदे हलू लागले. हसताहेत? काकांनी नीट निरखून पाहिलं. खांदे हलतच होते. बहिरा माणूस टेलिफोनजवळ बसवला, म्हणजे हसण्यासारखंच की! काकांचा जीव लाजेने अर्धा झाला. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, त्या पाठीला हात जोडले आणि दार हळूच लोटून ते बाहेर पडले.

खिडकीबाहेर बघत मालक अजून बोलतच होते. कामगारापुढे रडायचं कसं, म्हणून तोंड फिरवलेलं.

"लहानपणी तुटलेला धागा सांधायला तुम्हीच मला शिकवलंत, काका. तुमचे कान आमच्या गिरणीने नेले आणि आम्हाला पत्ताही नाही. हे पाप कुठे फेडू? तुम्ही कुठेही जायचं नाही. म्हणाल ते काम करा. मी आहे."

डोळे पुसून ते वळले. खोलीत कोणी नव्हतं.

ते धावत दारात आले. काका फाटकाच्या बाहेर पडत होते. मालकांनी हाक मारली. काका खाली मान घालून चालत राहिले. मालकांनी आणखी मोठ्याने हाक मारली.