मृगाआधीचं पाणी

उत्तमरावांनी नळाला पाइप जोडला आणि त्याचं दुसरं टोक फरफटत थेट संत्र्याच्या झाडापाशी आणलं. सकाळचे आठच वाजले होते, पण मे महिन्यातलं अमरावतीचं ऊन केव्हाच अंगणात येऊन बसलं होतं. माया हातातला खोका ओट्यावर टाकून धावली.

"काकाजी, त्याले पानी नोका देऊ."

"काहून नाही देऊ? घर मायं, अंगन मायं, झाड मायं."

"सारं तुमचंच हाय. पन आज नोका देऊ."

"पानं पाहा त्याचे. निरे गळून राह्यले. दीड महिना झाला, साऱ्या कुंड्याईले तुमी पानी घालता अन् याच्या आळ्यात थेंब नाही. वरून पाहून राह्यलो ना मी. घर खाली करा म्हनलं, तं झाडावर सूड काढून राह्यल्या."

सूड. राग तिला होता, नव्हता असं नाही. पोराच्या लग्नासाठी खालच्या खोल्या हव्यात म्हणून पाच वर्षांपासूनच्या भाडेकरणीला पंधरा दिवसांची मुदत दिली, तर कोणाला राग येणार नाही? पण झाडावर? आणि पाणी तर तिने त्या मुदतीच्या महिनाभर आधीच बंद केलं होतं.

ती राहायला आली तेव्हा या अंगणात विटांचे तुकडे आणि गाजरगवत होतं. आधी तेलाच्या पिंपात कोथिंबीर पेरली, सहज, पोस्टातून आल्यावर वेळ जावा म्हणून. मग पावसाळ्यात दोडका मांडवावर चढला, थंडीत वांगी-मेथी झाली, उन्हाळ्यात मोगरा. पुढे तिला ते वेडच लागलं. लोक लग्नकार्यासाठी रजा टाकतात, ही माती चाळायला टाकायची. उत्तमराव तेव्हा गॅलरीतून उंटावरून शेळ्या हाकायचे. संत्र्याचं कलम तिने वरूडहून एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. यंदा ते पहिल्यांदा फळाला येणार होतं.

"ताण देऊन राह्यली मी त्याले," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "मिरगाच्या बहारासाठी. झाड असं तहानेलं ठेवलं, का पहिल्या पान्यावर फुलते. अजून दहा-बारा दिवस. आता पानी पडलं तं नुसता पाला फुटंल."

"पाच दिवसानं तुमी इथं राहनारच नाही."

"मी नसंन. झाड तं राहीन."

उत्तमराव हसले. "मले शिकवता? अंजनगावले साठ एकर पऱ्हाटी हाय आमची. तहानेनं मारलं तं कापसाले बोंड लागते का?"

"पऱ्हाटीचं येगळं हाय, काकाजी."

"तुमच्या बापाचा बगीचा होता का संत्र्याचा?"

"नाही. दुसऱ्याच्या बगीच्यात मजुरी केली बाबानं. तीस वर्सं. ताण कधी तोडाचा, हे मालक त्याईलेच इचारे."

"मजूर सांगे अन् मालक आयके," उत्तमराव म्हणाले. "चांगलं हाय तुमच्या लोकाईचं."

मायाचे कान तापले. ती उत्तर देणार होती, पण तिने झाडाकडे पाहिलं आणि मान वर केली. गॅलरीत उत्तमरावांची बायको, जमुनाकाकू, कपडे वाळत घालत होत्या. त्यांचं माहेर वरूडचं, घरचा मोठा बगीचा. ताणाच्या दिवसांत कोणी चुकून पाट फोडला तर आपले वडील दोन दिवस जेवत नसत, हे त्यांनीच मायाला याच अंगणात बसून सांगितलं होतं.

"काकू, तुमी सांगा यायले. तुमच्या माहेरी ताण देतेत का नाही?"

जमुनाकाकूंनी ओला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही टोकांना चिमटे लावले.

"मले काय मालूम बाप्पा," त्या म्हणाल्या. "लहानपनीच लगन झालं मायं."

आणि रिकामी बादली घेऊन आत गेल्या. भाडेकरणीच्या देखत नवऱ्याला खोटं पाडण्यापेक्षा स्वतः खोटं बोललेलं त्यांना परवडलं.

"झालं समाधान?" उत्तमरावांनी विचारलं आणि नळ सोडला. पाण्याची धार नेमकी बुंध्यावर पडायला लागली.

"घाला," माया म्हणाली. "पोटभर घाला."

ती घरात गेली. खाली बसून स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळू लागली. बाहेर पाणी पडत होतं ते स्पष्ट ऐकू येत होतं. मरू दे, तिला अगदी मनापासून वाटलं. माझी पाच वर्षं गेली, त्यात झाडही जाऊ दे. एक डबा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तिचा हात थांबला. धार अजून बुंध्यावरच होती. फुलं तर गेलीच, पण काळ्या मातीत बुंध्याशी असं रोज पाणी साचलं की साल कुजते, डिंक सुटतो, आणि दोन वर्षांत झाड वाळून जातं.

ती उठली, बाहेर आली. उत्तमरावांकडे न पाहता तिने त्यांच्या हातातून पाइप घेतला, बुंध्यापासून हातभर लांब आळ्याच्या कडेला धरला आणि पायाने माती ओढून बुंध्याला भर दिली. कोरडी माती घटाघट पाणी प्यायली. दीड महिन्याचा ताण पाच मिनिटांत तुटला, आणि तो तिच्याच हाताने तुटला. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. आळं भरेपर्यंत ती तशीच वाकून उभी होती.

उत्तमरावांनी कमरेवर हात ठेवून वर गॅलरीकडे आवाज दिला, "आयकलं का वं? बाहेर ये. जरा खडसावलं, का कशी सोताच्या हातानं पानी घालून राह्यली, पाह्य."