उजळलेले देव

उल्हासने खिडकीच्या फटीवरची चिकटपट्टी नखाने ओरबाडून काढली आणि तिथेच नवी लावली. ही तिसरी खेप. बाहेर अमेरिकेतलं हे याकिमा गाव राखेखाली करडं पडलं होतं. सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी फुटून दहा दिवस झाले होते आणि दहाही दिवस सहा वर्षांच्या नीलाने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तरी पोरीच्या छातीतली शिट्टी थांबेना. उलट कालपासून वाढलीच होती.

"शरयू, खरं सांग. खिडकी उघडली होतीस?"

"अहो, किती वेळा तेच विचाराल? दाराच्या फटीलासुद्धा ओला टॉवेल लावते मी!"

बायको चिडली हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याचं स्वतःचंच डोकं फिरलं होतं. दिवसभर त्याच्या दवाखान्यात हेच चालायचं. धापा टाकणारी मुलं, आणि सगळं बंद ठेवलंय म्हणून शपथा घेणारे आईबाप. आज तर सफरचंदाच्या बागेवाल्या एका बिचाऱ्याला त्याने सुनावलं होतं, "राख काय आपल्या पायांनी चालत येते? घरात जरा नीट बघा!"

आत नीला खोकायला लागली. खोकला थांबेना तसा उल्हास काम तसंच सोडून स्वयंपाकघरात धावला.

नीला टेबलाशी बसली होती. समोर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर देव ओळीने मांडलेले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, छोटी घंटा, सगळं कसं लखलखीत. लग्नात मिळाले तेव्हासुद्धा हे देव इतके चकाकत नव्हते. शेजारी बिस्किटांचा डबा होता, करड्या पुडीने काठोकाठ भरलेला.

"घरात बसून कंटाळली होती ना, म्हणून कालपासून हे काम दिलंय," मागून येत शरयू म्हणाली. राग विसरून ती कौतुकाने देवांकडे बघत होती. "पितळेला काय उजळा देते हो ही राख! आमच्या चुलीच्या राखेपेक्षा सरस. अंगणातली भरून आणली आणि वस्त्रगाळ करून ठेवली. देवांना ओरखडे नकोत."

वस्त्रगाळ! चिकटपट्टीचं रिकामं रीळ अजून उल्हासच्या मनगटात अडकलेलं होतं. शरयूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग नीलाकडे. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

त्याने झाकण लावून डबा उचलला.

"बाबा, डोन्ट!" नीला धापा टाकत म्हणाली. "ओन्ली गणपती इज लेफ्ट."

गणपतीच्या सोंडेवर साचलेली राख उडवायला तिने गाल फुगवून फुंकर मारली. राख जागची हललीही नाही.